साठ शब्द, पंधरा सेकंद

शुक्रवार, ९ जुलै १९९३

शमीमने घड्याळ समोर ठेवून साठ शब्द वाचले. एका शब्दाला पंधरा सेकंद. शब्द ऐकायचा आणि मनात येईल ते पहिलं वाक्य लिहायचं, तेही इंग्रजीत. माझी एकोणतीस झाली. बाकी एकतीस जागी नुसती रेघ.

"मराठीत आलं होतं का काही?" शमीमने विचारलं.

मराठीत साठही शब्दांना आलं होतं. तिथेच तर घोडं अडतं. मराठीत येतं, मग त्याचं इंग्रजी करायचं, तोवर पुढचा शब्द.

शमीम आणि मी बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. ती आता उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. शुक्रवारी तिलाही सुट्टी आणि आमच्या लूमलाही, म्हणून ती दुपारी येते. मी इथे भिवंडीत, कामतघरला, मजीद सेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात हजेरी कारकून आहे. पदवीला पहिला वर्ग मिळवून मी चाळीस लूमच्या कामगारांची हजेरी मांडते.

मुलींना लष्करात अधिकारी म्हणून घ्यायला लागून जेमतेम वर्ष झालंय. पेपरातली जाहिरात बाबांनीच दाखवली होती. अर्ज केला आणि गुणांवरून बोलावणं आलं. सहा सप्टेंबर, भोपाळ. पाच दिवस तपासणार : बुद्धिमत्ता, शब्द, चित्रावरून गोष्ट, मैदानी कामं, मुलाखत. वयाची अट पंचवीस. मला चोवीस पूर्ण झालीत. आज मोजलं, एकोणसाठ दिवस उरलेत.

गुरुवार, १५ जुलै

ठाण्याच्या क्लासला जाऊन आले. शिकवणारे म्हणाले, "उत्तरं सकारात्मक पाहिजेत. अधिकारी घाबरत नाही, आवाज चढवत नाही, रडत नाही." जाताना एक चक्रमुद्रित पुस्तिका दिली. चारशे शब्द आणि चारशे तयार वाक्यं. 'अपयश' आलं की 'अपयश ही यशाची पहिली पायरी'. 'आई' आलं की 'आई हे प्रेमाचं प्रतीक'.

हायसं वाटलं. चारशे वाक्यं पाठ करणं मला जमतं. आजवर तेच तर केलंय.

शुक्रवार, २३ जुलै

सुभेदार सावळाराम येऊन गेले. दिघाशीचे आहेत, पेन्शनच्या कागदांसाठी तहसील कचेरीत बाबांच्या टेबलाशी यायचे, तिथली ओळख. निवृत्तीपूर्वी ते अशाच एका निवड मंडळात आठ वर्षं होते. मैदानावर दोर, फळ्या, पिंपं मांडायचं काम.

बाबांनी त्यांना माझी पुस्तिका दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि मिटून ठेवली.

"पोरी, ह्ये ठिवून दे. तिथं गेल्यावर तू बोल, पुस्तक नको बोलू दे. म्यां आठ वर्सं दोर बांधलंत. पाठ केल्याली पोरं मना लांबनंच कलायची, मग सायबाला न्हाय कलायची?"

मी "बरं" म्हटलं. पण खरं सांगायचं तर मनात आलं, हे दोर बांधत होते, मानसशास्त्रज्ञ नव्हते. यांच्या वेळी बारावी झालेली मुलं येत असतील, तोंड उघडलं तरी पुरत असेल. माझ्यासारखीने काय बोलायचं? रोजची हजेरी?

आज पंचेचाळीस झाली. पुस्तिकेमुळेच.

शनिवार, ३१ जुलै

आईशी वाजलं. कल्याणचं स्थळ आलंय. मुलगा बँकेत. लग्न झालेल्या मुलीला मंडळ घेत नाही, हे आईला पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, सप्टेंबरपर्यंत थांब.

"आणि सप्टेंबरात नाही जमलं तर?"

"तर बघू."

"तू बघशील गं. लोक बघत बसणार नाहीत." असं म्हणून ती भांडी आपटत मोरीत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "आणि तिथे तुला काही झालं तर मी काय करू?" मग परत आत.

भिंतीपलीकडच्या कारखान्याचा खडखडाट, इकडे भांड्यांचा. काल जमलं नाही म्हणून शमीम आज संध्याकाळी आली होती, पण तिने वाचलेला शब्द ऐकू येत नव्हता. 'करेज' ऐवजी मी 'गॅरेज' ऐकलं आणि गॅरेजवर वाक्य लिहिलं. शमीम हसली. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

साठपैकी छप्पन्न. शमीम म्हणाली, "हो, पण वाचायला कसं वाटतं सांगू? सुविचाराच्या फळ्यासारखं." मग तिने परिस्थितीचे प्रश्न घेतले. 'रानात वाट चुकलात, काय कराल?' असे साठ, अर्ध्या तासात. चाळीसला अडकले. मी आयुष्यात रानात गेलेले नाही.

गुरुवार, १२ ऑगस्ट

आज एकही संच झाला नाही. पूर्ण दिवस वाया.

दुपारची शिफ्ट लागून तासभर झाला असेल. मी हजेरीपट घेऊन आत गेले, तर सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर बसणाऱ्या मैनाचा पदर मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला. आधी वाटलं ती खाली वाकून काही उचलतेय. मग तिचे पाय दिसले. मशीन तिला गळ्याने ओढत होतं आणि तिने सोडवायला घातलेला हातही आत गेला होता. तिच्या शेजारच्या आक्का ओरडत होत्या, पण लूमच्या आवाजात आक्कांचं नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं.

मी तिच्याकडे न जाता उलट दिशेला पळाले. असं का केलं ते आता सांगता येत नाही. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. चाळीसच्या चाळीस लूम बंद. इतकी शांतता त्या कारखान्यात मी पहिल्यांदा ऐकली. मग दोरे कापायची कात्री घेऊन पदर कापला, मानेपासून. पट्टा उलटा फिरवायला दोघींना लावलं आणि हात बाहेर काढला. मनगट भलत्याच जागी वाकलं होतं. मैना म्हणत होती, "बाय, माजा हात हाय का? न्हाय ना?" मी म्हटलं, "आहे. माझ्याकडे बघ, तिकडे बघू नको."

तेवढ्यात मुकादम चिंधू आला. "मेन कोणी पाडला? सगळ्या कापडात आडव्या रेघा पडणार! सेठला कोण तोंड देणार?" आणि लूम चालू करायला स्विचकडे निघाला. मैनाच्या कापलेल्या पदराचा तुकडा अजून पट्ट्यात होता, आक्का तो काढत होत्या. मी मोठ्यांदा ओरडले, "हात लावलास तर थोबाड फोडीन!" पुढे एक शिवीही दिली. ती इथे लिहीत नाही. आईला माहीत नाही की मला ती येते.

दारात दापोड्याच्या गोदामाला निघालेला टेम्पो उभा होता, ताग्यांनी भरलेला. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ से पूछना पड़ेगा." म्हटलं, "मैं पूछ लूँगी. तू माल उतार." त्याला एकट्याला वेळ लागला असता म्हणून बंद लूमवरचे सहा जण लावले. मागे बसून मैनाचा हात पुठ्ठ्यावर बांधून धरला. दवाखान्यात नातेवाईक कोण विचारलं तर 'बहीण' लिहून सही केली. खोटी सही. तिच्या नवऱ्याला, नामाला, निरोप धाडला. तो आल्यावर निघाले.

परत येऊन संडासात गेले आणि रडले. मग हजेरीपट पुरा केला.

पुस्तिकेत पान चौदावर स्पष्ट लिहिलंय : अधिकारी आवाज चढवत नाही, भावनेच्या आहारी जात नाही. मी एका दिवसात दोन्ही केलं. महिनाभर वाक्यं पाठ करून उपयोग काय, स्वभाव हा असा असेल तर?

शनिवार, १४ ऑगस्ट

मजीद सेठने बोलावलं. चिंधूने आधीच कान भरले होते.

"सरोजिनी, टेम्पो न विचारता नेला?"

"हो."

"चिंधूला शिवी दिली?"

"हो."

सेठ म्हणाले, "मैनाचा हात वाचला. डॉक्टर म्हणाला, दहा मिनिटं उशीर झाला असता तर कापावा लागला असता." मग खिडकीकडे तोंड करून, "त्या मशीनच्या पट्ट्यांना जाळ्या बसवायच्यात. सगळ्या. माप घे, लोहाराकडे जा, बायकांना विचार कुठे अडतं. हे तू बघ."

म्हणजे आणखी एक काम माझ्याच गळ्यात! तेवीस दिवस उरलेत आणि मी लोहाराच्या दारात.

शनिवार, २१ ऑगस्ट

सगळा आठवडा जाळ्यांत गेला. पहिली जाळी लोहाराने अशी केली की कांडी बदलायला हातच जाईना. बायका ती काढून कोपऱ्यात ठेवत होत्या. मी चिडले, मग आक्कांच्या जागेवर स्वतः बसून पाहिलं. खरंच हात जात नव्हता. दरवाज्यासारखी उघडणारी करून घेतली. आता काढत नाहीत. चिंधू माझ्याशी बोलत नाही, पण पदर खोचला नसेल तर बायकांवर खेकसतो.

कालचा शुक्रवारही मापं घेण्यात गेला. शमीम येऊन परत गेली. पुस्तिका शंभर शब्द मागे आहे.

रविवार, २९ ऑगस्ट

सावळाराम पुन्हा. मैनाची हकिकत त्यांना बाबांकडून कळली होती. मला म्हणाले, "मना समदं सांग. पयलं काय केलंस?" मी उडवून लावलं. म्हटलं, "काका, माझे आठ दिवस राहिलेत, मला समूहचर्चेचे विषय करायचेत." ते उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "तुजं पेपर तर होऊन ग्येलं, पोरी."

झाले असते तर मी भोपाळला कशाला चालले असते? म्हातारी माणसं कोड्यात बोलतात आणि आपण ऐकून घ्यायचं.

सोमवार, ६ सप्टेंबर, भोपाळ

आम्ही एकोणीस जणी. माझा छातीवरचा नंबर नऊ. इथे नाव नाही, नुसतं "नऊ". बुद्धिमत्तेचा पेपर बरा गेला.

खोलीत अकरा नंबर आहे. विदर्भाकडची, बारीक, बोलायला लागली की इंग्रजीत मध्येच हिंदी घालते. माझ्यापेक्षा कच्चं आहे. वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

मंगळवार, ७ सप्टेंबर

साठच्या साठ! एकही रेघ नाही. 'रक्त' आलं, मी लिहिलं 'रक्तदान हे श्रेष्ठ दान'. 'अपघात' आलं, 'नियम पाळल्यास अपघात टळतात'. 'किंकाळी' पुस्तिकेत नव्हतं. क्षणभर काहीतरी दुसरंच डोळ्यांपुढे आलं, ते बाजूला सारून लिहिलं, 'मूल आनंदाने किंकाळी मारतं'. पेन खाली ठेवलं तेव्हा दोन सेकंद शिल्लक होते. शमीम इथे हवी होती.

गुरुवार, ९ सप्टेंबर

मुलाखत. समोर एक कर्नल, पिकलेल्या मिशा, आवाज मऊ. म्हणाले, पुढाकार घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा. मी पुस्तिकेतला सांगितला : कॉलेजात रक्तदान शिबिर भरवलं. क्लासमधल्या सगळ्यांनी तोच ठरवला होता.

"किती बाटल्या जमल्या?"

"दोनशे, सर."

"एका दिवसात? किती डॉक्टर होते?"

"दोन."

"रक्त ठेवलं कशात?"

मी बर्फ म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि समोरची फाइल मिटली. मला वाटलं संपलं. पण ते म्हणाले, "तुम्ही यंत्रमागाच्या कारखान्यात काम करता. ते काम कसं असतं?"

"हजेरी मांडायची, सर."

"तिथे कधी काही वेगळं घडलं?"

"नाही सर. रोजचंच काम."

"सावकाश आठवून सांगा. मला घाई नाही."

ते खरंच थांबले. घड्याळाकडेही पाहिलं नाही. मी आठवलं. शिवी आठवली, खोटी सही आठवली, संडासातलं रडणं आठवलं. म्हटलं, "नाही सर. काही नाही."

"थँक यू, नऊ नंबर," ते म्हणाले. माणूस दमल्यावर म्हणतो तसं.

शुक्रवार, १० सप्टेंबर

निवड झालेले दोनच नंबर पुकारले. चार आणि अकरा.

अकरा! मी तिला विचारलंच, तू मुलाखतीत काय सांगितलंस. म्हणाली, बारावीला नापास झाले होते ते सांगितलं. घरी न सांगता महिनाभर पिठाच्या गिरणीत दळण दळलं, त्या पैशांतून पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला आणि मग वडिलांना सांगितलं. हे कोणी सांगतं का? नापास झाल्याचं, घरी लपवल्याचं? आणि तिला घेतलं. मला, साठपैकी साठ लिहिणारीला, परतीचं भाडं हातात दिलं.

कुठे कमी पडले, एका शब्दानेही सांगत नाहीत. पेपर दाखवत नाहीत. भांडायचं तरी कोणाशी?

मंगळवार, १४ सप्टेंबर, घरी

शमीम शाळेतून थेट आली. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मैनाचं सांगितलंस ना?"

"ते काय सांगायचं? शिव्या दिल्याचं?"

तिने चहाचा कप बाजूला सरकवला.

"सरू, त्या कर्नलने तुला दोनदा विचारलं?"

"हो."

"आणि दोनदा तू नाही म्हणालीस?"

"पान चौदावर लिहिलंय—"

"आग लाव त्या पान चौदाला!" शमीम ओरडली. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "चाळीस लूम बंद केलेस तू! मी तिथे असते तर नुसती किंचाळत उभी राहिले असते!"

मला तिचा राग आला. शहाणपण नंतर सगळ्यांनाच सुचतं. आधी का नाही बोलली? शब्द तर हीच वाचत होती. तसं तोंडावर म्हटलंही. ती पर्स उचलून गेली. चहा तसाच राहिला.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

शमीम आली नाही.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

आली. दोघींनी विषय काढला नाही. गणपतीचे मोदक खाल्ले आणि तिच्या मुख्याध्यापिकेची नक्कल केली.

रविवार, १७ ऑक्टोबर

सावळाराम आले. विचारलं, "सायबापुढं काय बोल्लीस?" मी सगळं सांगितलं, बर्फासकट. ते चहा पीत ऐकत राहिले, कप पालथा ठेवला आणि "बरं" म्हणून गेले. काही बोलले असते तर वाद घातला असता. त्या "बरं"शी काय वाद घालणार?

पेपरात नवी जाहिरात आलीय. शेवटची तारीख पंधरा नोव्हेंबर. बाबांनी ती कापून ट्रान्झिस्टरखाली ठेवलीय. आईला दिसेल अशी नाही, मला दिसेल अशी. अर्ज करायचा की नाही, मला खरंच कळत नाही. पुन्हा जाऊन पुन्हा तेच झालं तर? या वेळी पाठ करायला काय घ्यायचं, तेही माहीत नाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर

कल्याणची मंडळी येऊन गेली. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा. आईने सकाळपासून बजावलं होतं : विचारतील तेवढंच बोल, आणि लष्कराचं विचारलं तर म्हण, ते खूळ गेलं.

उत्तरं मला पाठ होती. कांदेपोह्यांची ताटली ठेवून खुर्चीत बसले, आणि कोण जाणे काय झालं, बसल्या बसल्या इतका कंटाळा आला त्या उत्तरांचा की विचारू नका.

मामांनी विचारलं, "स्वयंपाक येतो?"

"येतो. आवडत नाही."

"हे पोहे?"

"आईने केलेत."

मुलगा हसला. मामा हसले नाहीत. "नोकरी सोडाल ना लग्नानंतर?"

"नाही. तिथे माझं ऐकतात."

"आणि ते लष्कराचं काय ऐकलं आम्ही? ते गेलं ना डोक्यातून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही गेलं. मी पुन्हा अर्ज करणार आहे. गेल्या वेळी नापास झाले."

"का हो? पेपर अवघड होता?"

"नाही. मी खोटं बोलले."

हे वाक्य मी तोपर्यंत शमीमजवळ म्हटलं नव्हतं, बाबांजवळ नाही, या वहीतही नाही. तोंडातून निघालं आणि मीच दचकले. मग मामांनी विचारायच्या आत सांगून टाकलं. मैना, मेन स्विच, टेम्पो, खोटी सही, रडणं, आणि शिवी दिली हेसुद्धा. फक्त कुठली ते नाही. नंतर कर्नलने दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हटलं, तेही. पाच-सात मिनिटं एकटी बोलत होते. मुलाने हातातला चमचा खाली ठेवला नाही आणि तोंडातही घातला नाही.

मामा उठले. "कळवतो," म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ भिवंडीपासून कल्याणपर्यंत एकच आहे. बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभी राहिली. इथेही नापास. पण भोपाळहून येताना छातीवर जो दगड होता तो या वेळी नव्हता. नुसती भूक लागली होती.

मी ताटल्या उचलत होते तेवढ्यात मुलाची आई परत वर आली. एकटीच. नीला नाव त्यांचं. मला वाटलं काही विसरल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, जिन्याकडे एकदा वळून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ती जाहिरात... कुठल्या पेपरात येते? माझी धाकटी शेवटच्या वर्षाला आहे. तिचे मामा ऐकणार नाहीत, पण मी बघते. पत्ता देशील?"

मी ट्रान्झिस्टरखालचं कात्रण काढलं, कॅलेंडरमागे खोचलेली पेन्सिल घेतली आणि जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर पत्ता उतरवू लागले.

आई आतून बाहेर आली. डोळे लाल. तिने नीलाताईंना बसायला पाट सरकवला आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"शाईने लिही," म्हणाली. "पेन्सिलीचं पुसलं जातं."